आजारी पडलं की अमेरिकेत सगळे चिकन नूडल सूपच का सांगतात?

भुरका_मारके (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, अमेरिकेत आल्यापासून एक गोष्ट बघतेय, कोणाला जरा शिंक आली की ऑफिसातला प्रत्येक माणूस एकच औषध सांगतो. क्लिनिकमधली नर्स सांगते, शेजारची म्हातारी सांगते, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असलेला पोरगा पण सांगतो, चिकन नूडल सूप पी म्हणून. आपल्याकडे कसं प्रत्येक घराचं वेगळं, कुणाचा गवती चहा, कुणाचा सुंठ-मिऱ्यांचा काढा, कुणाचं मुगाचं कढण, कुणाकडे नुसती पेज नि मेतकूट. इथे मात्र अख्ख्या देशाचं एकमत. ज्या लोकांचं पिझ्झ्यावर अननस घालावं की नाही यावर जमत नाही त्यांचं यावर कसं काय जमलं बुवा?

बरं सूप तरी काय, पातळसर सोनेरी रस्सा, त्यात गाजर-सेलरी-कांद्याचे तुकडे, उकडलेल्या कोंबडीचे धागे आणि रुंद आखूड अंड्याच्या नूडल्स. फोडणी नाही, तिखट नाही, आंबट नाही. एरवी मी याला हात लावला नसता, पण ताप असताना वाडगाभर संपवलं आणि परत मागितलं. तर याचा इतिहास काय, खरंच काही उपयोग होतो की नुसती श्रद्धा, आणि नूडल्स यात शिरल्या कुठून? जाणकारांनी लिहा. पाकृ (पाककृती) पण चालेल. शाकाहारी मंडळींनी हलके घ्या.

न्यूजर्सीचा_नाना

आमच्या राज्याचा विषय निघाला म्हणून टंकायला बसलोच. अमेरिकेत बहुतेकांच्या डोक्यात चिकन नूडल सूप म्हटलं की जे चित्र येतं ते लाल-पांढऱ्या डब्याचं, आणि तो डबा आला न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमधून. फिलाडेल्फियाच्या समोर, डेलावेअर नदीच्या अलीकडच्या काठावर हे गाव. तिथल्या कॅम्पबेल कंपनीत १८९७ साली जॉन डॉरन्स नावाचा तरुण केमिस्ट लागला. काका कंपनीचे मोठे अधिकारी होते, पण पुतण्याला पगार ठरला आठवड्याला साडेसात डॉलर. पोरगा एमआयटीत आणि पुढे जर्मनीत गटिंगेनला शिकून आलेला, त्याने साधी गोष्ट ओळखली की डबाबंद सुपात आपण मुख्यतः पाणी विकतोय, आणि रेल्वेचं भाडंही त्या पाण्यावरच भरतोय. मग त्याने निम्मं पाणी काढून दाट सूप डब्यात भरलं, गिऱ्हाइकाने घरी आपल्या नळाचं डबाभर पाणी ओतायचं. मोठ्या डब्याला तीसेक सेंट पडायचे तिथे हा छोटा डबा दहा सेंटला मिळायला लागला. डॉरन्स पुढे कंपनीचा मालक झाला हे सांगायला नकोच.

पण ते सुरुवातीचे प्रकार टोमॅटो वगैरे. आपलं सूप आलं १९३४ मध्ये, म्हणजे महामंदीच्या ऐन मध्यात, त्याच वर्षी क्रीम ऑफ मशरूम पण आलं. आणि नाव होतं 'नूडल विथ चिकन'. विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने प्रामाणिक नाव म्हणायचं, कारण डब्यात नूडल्सच जास्त असायच्या. मग किस्सा असा की रेडिओवर जाहिरात वाचताना फ्रीमन गॉस्डेन या नटाची जीभ घसरली आणि तो चिकन नूडल सूप म्हणून गेला, दुकानदारांकडून त्याच नावाने धडाधड ऑर्डरी यायला लागल्या, आणि कंपनीने मुकाट्याने लेबल बदललं.

चष्म्याआडून

नाना, छान लिहिलंयत. पण तो रेडिओचा किस्सा कंपनी स्वतः सांगते, तेव्हा चिमूटभर मीठ टाकून घ्यावा. आणि मीठ तर त्या डब्यात आधीच पोत्याने असतं.

अवांतर पण सांगायलाच हवं, गॉस्डेन म्हणजे 'एमॉस अँड अँडी' या कार्यक्रमातला. दोन गोरे नट कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज काढून लोकांना हसवायचे, तुफान लोकप्रिय होता आणि त्या काळातही कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. गोड किस्से सांगताना तो भाग हमखास गळतो.

न्यूजर्सीचा_नाना

+१, मान्य. किस्सा खरा असो नसो, नावात चिकन पुढे गेल्यावर खप वाढला यात मला नवल वाटत नाही. मंदीच्या दिवसांत दहा-बारा सेंटांत 'चिकन' मिळतंय म्हटल्यावर कोण सोडेल. तेव्हा कोंबडी आजच्यासारखी स्वस्त नव्हती, रविवारच्या जेवणाची चीज होती. ब्रॉयलरचे कारखाने नंतर आले.

रेवदंडा_ते_अश्दोद

मी सहसा नुसतीच वाचते, पण आज राहवलं नाही. नाना, डबा तुमचा, पण सूप आमचं हो. म्हणजे 'आमचं' म्हणताना पण मला जरा अडखळायला होतं, कारण आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आई-वडील रेवदंड्याकडचे, आणि आमच्या घरात हे सूप नव्हतंच कधी. आमच्या आजीची कोंबडी म्हणजे नारळाच्या दुधातली, हिरवं वाटण लावलेली. मांसाबरोबर दूध-दही आम्हाला चालत नाही, पण कोकणात नारळ असल्यावर अडतंय कुणाचं.

हे सूप मला भेटलं इस्रायलमध्ये, सुनेच्या माहेरी, ते लोक पोलंडकडचे. तिकडच्या ज्यू घरांत शब्बाथच्या जेवणाला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी, सुरुवात याच सुपाने. शनिवारी चूल पेटवायची नाही, त्यामुळे शुक्रवारी दिवसभर घरात रांधण्याची धांदल. गावात गरिबी, गाय-बैल कापणं परवडायचं नाही, कोंबडी मात्र परसात असायची, आणि तीसुद्धा अंडी देत होती तोवर तिला हात लावायचे नाहीत. अंडी बंद झाली की पातेल्यात. म्हातारी कोंबडी चिवट, तिला तास न् तास मंद आचेवर ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि रस्सा खरा त्याच कोंबडीचा होतो. वर चरबीचे सोनेरी थेंब तरंगायला हवेत, त्यावरून बाईची परीक्षा. लोणी-साय घालून दाट करायची सोय नाही, मांसाबरोबर चालतच नाही ना, म्हणून सूप नितळच राहिलं.

नूडल्स पण घरच्या. कणीक नाही, मैद्यात नुसती अंडी घालून मळायचं, पातळ पोळी लाटून जरा सुकवायची, गुंडाळी करून सुरीने बारीक कापायची. विहीणबाई अजून सणाला करतात. वल्हांडणाच्या आठवड्यात नूडल्स चालत नाहीत, मग त्यांच्या जागी मात्झाच्या, म्हणजे बिनखमिराच्या कडक भाकरीच्या, पिठाचे गोळे. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांवर ज्यू अमेरिकेत गेले, बरेचसे न्यूयॉर्कात, आणि जाताना हे पातेलं घेऊन गेले. आजाऱ्याला द्यायचं सूप ही ख्यातीसुद्धा तिथूनच पसरली. तिकडे त्याला गमतीने ज्यू पेनिसिलिन म्हणतात ते उगाच नाही.

भुरका_मारके

वा ताई, असे प्रतिसाद आले की धागा काढल्याचं सार्थक होतं. म्हणजे कारखान्याने नाव नेलं आणि पुण्याई शुक्रवारच्या पातेल्याची, असंच झालं की हे. लोक ताप आला की डबा उघडतात तेव्हा त्यांना भरवसा कुणा दुसऱ्याच्याच आजीचा असतो.

आगाऊ_आजोबा

ज्यू पेनिसिलिनचा विषय आलाच आहे तर आणखी मागे जाऊ. बाराव्या शतकात मोझेस मायमोनिडीज म्हणून मोठा ज्यू धर्मपंडित आणि वैद्य होऊन गेला, जन्म स्पेनमधल्या कोर्डोबाचा आणि व्यवसाय कैरोजवळच्या फुस्तातला, सलाउद्दीनच्या दरबारी मंडळींवर उपचार करायचा. त्याने दम्यावर लिहिताना कोंबडीचा रस्सा सांगितलाय, अशक्तपणालाही सांगितलाय. पण हे ज्ञान एकट्या ज्यूंचं नव्हे, तो ग्रीक नि अरबी वैद्यकाच्या परंपरेतला माणूस, आणि त्या परंपरेत पक्ष्याचं मांस नि त्याचा रस्सा आजाऱ्याला देणं नेहमीचंच.

आपल्याकडेही चरकात राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयासारख्या झिजवणाऱ्या रोगाच्या चिकित्सेत मांसरस आहेत. आयुर्वेदात कोंबडा उष्ण, स्निग्ध, बृंहण म्हणजे अंग भरून आणणारा. वैद्य म्हणजे शाकाहारीच असणार असं समजणाऱ्या आमच्या काही मित्रांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

फक्त एक बघा, या सगळ्यांत नूडल्स कुठेच नाहीत. औषध म्हणून रस्साच आहे.

कोल्हापुरी_आळणी

अहो मग हे आमचं आळणीच की राव! तुम्ही लोक अमेरिका-इजिप्त फिरून आला आणि उत्तर कागलच्या एसटी स्टँडावर होतं. आमच्यात कोंबडी नाहीतर मटण शिजवताना आधी कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ आणि पाणी एवढ्यावरच शिजवत्यात, आणि मसाला पडायच्या आधी तो रस्सा वाटीत काढून घेत्यात, ते आळणी. ल्हान पोरांना, म्हाताऱ्यांना, बाळंतिणीला, तापातनं उठलेल्याला. नंतर त्याच रश्शाचा पांढरा होतो, तांबडा होतो, ते पाव्हण्यांसाठी. घरात कोण आजारी नसलं तरी सैपाक चालू असताना वाटी घेऊन चुलीपाशी जो घुटमळतो त्याला आळणी मिळतंच. गावठी कोंबडी पायजे पण, ब्रॉयलरचं आळणी म्हंजे कोमट पाणी.

भुरका_मारके

हे बाकी खरं, माझ्या डोक्यात आळणीची तुलना आलीच नव्हती! पण मग माझा प्रश्न तसाच राहतो. रस्सा सगळ्यांकडे आहे, आजाऱ्याला द्यायची रीत सगळीकडे आहे, मग जगभर नाव या नूडल्सवाल्याचंच का? आळणी कॅलिफोर्नियात का नाही पोचलं?

लाटणंवाली

कारण आळणी हे दुसऱ्या पदार्थाच्या वाटेवरचं स्टेशन आहे, आणि नूडल्स घातल्या की तेच जेवण होतं. माझं आपलं साधं मत. तापात पोळी-भात नको वाटतो, नुसता रस्सा प्यायला तर तासाभरात पोटात कावळे. उकडलेल्या नूडल्स गिळायला सोप्या, घशाला टोचत नाहीत, चावायचे कष्ट नाहीत, आणि चार घास खाल्ल्याचं समाधान. शिवाय कोंबडी पुरवठ्याला येते, एका कोंबडीत आठ माणसांचं भागतं.

आणि हे नुसतं अमेरिकेचं नाही हो. पोलंडमध्ये रविवारच्या दुपारी ख्रिस्ती घरांतही रोसू म्हणून हेच, नितळ रस्सा नि बारीक नूडल्स. पेनसिल्व्हेनियात जुन्या जर्मन वस्त्या आहेत तिथे कोंबडी, मक्याचे दाणे आणि पिठाच्या चुरलेल्या गोळ्यांचं सूप असतं, किंवा रुंद नूडल्स. म्हणजे नानांच्या कारखान्याच्या आसपासच दोन वेगवेगळ्या लोकांची पातेली आधीपासून उकळत होती. व्हिएतनामचं फो, म्हणजे तिथलं नूडल सूप, आपल्याला बीफचं माहीत असतं, त्याचं कोंबडीचं भावंड हनोईत १९३९ च्या सुमारास रुळलं असं सांगतात, आठवड्यातले दोन दिवस बीफ विकायला बंदी होती म्हणून. इंडोनेशियात सोतो आयाम, हळद घातलेला पिवळा रस्सा आणि तांदळाच्या किंवा मुगाच्या शेवया, तो तर आपल्या माणसाला पहिल्या घोटात आपला वाटेल. फिलिपिन्समध्ये मॅकरोनी आणि दूध घालून करतात, ते मला झेपलं नाही.

कोरियन लोकांचं वेगळंच, त्यांच्याकडे आख्ख्या लहान कोंबडीत चिकट तांदूळ नि जिनसेंग नावाची औषधी मुळी भरून शिजवतात आणि खातात उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या दिवशी. नूडल्स नाहीत त्यात, पण सांगायचा मोह झाला.

मंचाव_मंगेश

आणि आपलं चिकन तालुमीन विसरलात? दादर-ठाण्याच्या कुठल्याही चायनीजमध्ये मेन्यूच्या पहिल्या पानावर असायचं. हल्ली सगळे मंचाव मागवतात, वर त्या तळलेल्या नूडल्स कुरकुरीत. बरं नसताना मंचाव पिणारी माणसं माझ्या घरात आहेत, नाकातून-डोळ्यांतून पाणी येतं, झालं बरं.

स्टेथोस्कोप

मंगेशराव, नाकातून पाणी आलं यालाच तर संशोधन म्हणतात :) व्यवसायाने डॉक्टर आहे, भुरकाताईंच्या 'खरंच उपयोग होतो का' याला थोडं उत्तर देते.

दोन अभ्यास कायम सांगितले जातात, दोन्ही 'चेस्ट' या नियतकालिकातले. पहिला १९७८ चा, मायामी बीचच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधला. १५ निरोगी माणसांना गरम पाणी, गार पाणी आणि गरम चिकन सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगाने पुढे सरकतो ते मोजलं. (जेवताना वाचू नका.) गरम पाण्याने वेग वाढला, सुपाने त्याहून जरा जास्त वाढला, गार पाण्याने कमी झाला. गरम पाण्याचा नि सुपाचा परिणाम अर्ध्या तासात ओसरला. म्हणजे सुपाने शेंबूड जरा वेगाने सरकतो हा भास नाही, पण ते टिकतही नाही.

दुसरा २००० सालचा, नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड यांचा. त्यांनी बायकोच्या लिथुआनियन आजीची रेसिपी प्रयोगशाळेत नेली, कोंबडी, कांदा, रताळं, पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं कंद), सलगम, गाजर, सेलरी, पार्सली. न्यूट्रोफिल म्हणजे आपल्या रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, जंतूंच्या जागी या धावून जातात आणि सर्दीतली सूज, घशाची आग, कफ यांत त्यांचा वाटा असतो. सूप घातल्यावर त्यांची ही धावाधाव मंदावली. सूप पातळ करत गेलं तसा परिणाम कमी होत गेला, पण बराच पातळ केल्यावरही दिसत होता. बाजारची डबाबंद सुपंही तपासली, काहींत परिणाम चांगला, काहींत जवळपास नाही.

आता महत्त्वाचं. हे सगळं काचेच्या भांड्यात झालं, माणसाच्या अंगात नाही. प्यायलेलं सूप पचून रक्तात जातं तेव्हा त्यातलं काय उरतं, हे त्या प्रयोगाने दाखवलेलं नाही. त्यामुळे 'सूप सर्दी बरी करतं' हे वाक्य मी पेशंटला म्हणणार नाही. पण पाणी, मीठ, थोडी प्रथिनं, वाफ आणि गिळता येईल असं अन्न एका वाडग्यात मिळत असेल तर आणखी काय पाहिजे? रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र डब्यातलं टाळा, मीठ खरंच खूप असतं.

चष्म्याआडून

अतिशय संतुलित प्रतिसाद डॉक्टर. व्हॉट्सॲपवर हाच अभ्यास 'अमेरिकन शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' म्हणून फिरतो, आता हा प्रतिसाद तिथे चिकटवणार.

अवांतर: १९६२ मध्ये अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत ३२ चित्रं मांडली, प्रत्येकावर कॅम्पबेलचा एक डबा, कारण तेव्हा कंपनीची ३२ प्रकारची सुपं होती. चिकन नूडल त्यातलंच एक. जवळच्या दुसऱ्या गॅलरीवाल्याने चिडवायला खरे डबे काचेत रचून ठेवले, आमच्याकडे स्वस्त मिळतील म्हणून. फेरसच्या मालकाने अख्खा संच हजार डॉलरला ठेवून घेतला, आज तो न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे.

भांडी_नंतर_घासू

पाकृ कोणीच देत नाहीये म्हणून देतो. पुण्यात जे मिळतं त्यात.

कोंबडी चामडीसकट घ्या, खाटकाला सांगून पायही मागून घ्या, नीट साफ करून. पायांमुळे रश्शाला अंग येतं, फ्रीजमध्ये ठेवल्यावर तो जेलीसारखा थिजला तर समजा जमलं. गावठी उत्तम, नाहीतर अंडी देऊन थकलेली लेअर मिळते का विचारा, तीही चालते. सगळं गार पाण्यात घालून बारीक गॅसवर चढवा, उकळी फुटायला लागली की वर करडा फेस येतो तो पळीने काढत राहा. खळाखळा उकळू द्यायचं नाही, एखादा बुडबुडा यायला हवा एवढीच आच, नाहीतर रस्सा गढूळ होतो. मग अर्धा कांदा, गाजर, सेलरी, मिरी, तमालपत्र. पार्सनिप मिळत नाही, मी त्याऐवजी मुळ्याचा छोटा तुकडा घालतो, आणि पार्सलीऐवजी कोथिंबिरीचे देठ. शेपू मिळाला तर शेवटी चिमूटभर, पोलिश लोक घालतात आणि अप्रतिम लागतो, नाकं मुरडू नका. ब्रॉयलरला दीड तास पुरे, गावठीला तीन. गाळा, मांस सोडवून धागे करा, गाजराचे नवे तुकडे घालून ते शिजेपर्यंत ठेवा.

नूडल्स वेगळ्या पाण्यात उकडा. हे ऐका प्लीज.

लाटणंवाली

कुकरला लावलं तर? तीन तास गॅस चालू ठेवला तर सासूबाई सूप नाही, मलाच शिजवतील.

भांडी_नंतर_घासू

लावा की, बिनधास्त. कुकरमध्ये शिट्टी होऊ न देता बारीक गॅसवर पाऊण तास, आणि झाकण आपोआप पडू द्या, शिट्टी उचलून वाफ काढली की आत धडाधड उकळतं आणि तिथेच गढूळ होतं. चवीत फार फरक नाही, नितळपणात थोडा आहे.

रेवदंडा_ते_अश्दोद

मुळ्याची युक्ती मस्त आहे, विहीणबाईंना सांगत नाही. शेपूला माझं पण मत. आणि कांदा न सोलता, नुसता धुऊन सालासकट टाका, रंग त्यानेच येतो, हळद घालायची गरज नाही. (कोल्हापूरकरांनी रागावू नये.)

कोल्हापुरी_आळणी

रागावत न्हाई, पण हळद घालणार.

न्यूजर्सीचा_नाना

डब्यातल्या नूडल्स एवढ्या गिळगिळीत का असतात असं बायको नेहमी विचारते, त्याचंही उत्तर देऊन टाकतो. डबा सील केल्यावर आतल्या मालासकट वाफेच्या दाबाखाली १२० अंशांच्या आसपास तापवतात, जंतू मरायला तेवढं लागतंच, आणि त्यात नूडल्स दुसऱ्यांदा शिजतात. वर महिनोन् महिने रश्शात मुरतात. गंमत म्हणजे डब्यावर वाढलेल्या अमेरिकनांना त्याच मऊ आवडतात, घरच्या ताज्या नूडल्स दिल्या तर कच्च्या राहिल्यात म्हणतात.

भुरका_मारके

शनिवारी करून बघणार. घरात दोघंच आहोत, उरेल बरंच, फ्रीझ केलं तर चालेल ना?

भांडी_नंतर_घासू

रस्सा आणि मांस करा, महिना-दोन महिने आरामात राहतं. नूडल्स घालून करू नका, सगळा रस्सा पिऊन बसतात आणि गरम केलं की लगदा. खायच्या वेळी ताज्या उकडा, पाच मिनिटांचं काम आहे. अंड्याच्या नूडल्स नसतील तर साध्या हक्का तोडून घाला, पण ते दोन मिनिटवाले पॅकेट नको, तळलेल्या असतात त्या, सगळ्या रश्शाला तेलाचा वास लागतो.